कितवीपर्यंत आहे?

शिरूर म्हटलं की समोरचा विचारतो, कुठलं शिरूर? पुण्याकडं घोडनदीचं शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे, आणि आमच्याच लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात, शिरूर ताजबंद आहे. त्यामुळं आमच्या शिरूरला देवाचं नाव कायम सोबत बाळगावं लागतं. शिरूर अनंतपाळ. एवढा खुलासा झाला की दुसरा प्रश्न येतो. तो बदली होऊन आलेला तलाठी विचारतो, सोयरीक घेऊन आलेला मामा विचारतो, जमीन बघायला आलेला पाहुणाही विचारतो: शाळा कितवीपर्यंत आहे?

शाळा चांगली आहे का, असं सहसा कुणी विचारत नाही. आधी कितवीपर्यंत. मराठवाड्यात गावाची उंची या एका आकड्यानं मोजतात. चौथीपर्यंत असेल तर ते खेडं. सातवीपर्यंत असेल तर आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची पोरं तिथं येणार. दहावीपर्यंत असेल तर चहाची दोन हॉटेलं, झेरॉक्सचं दुकान आणि गणवेश शिवणारा शिंपी धरूनच चालायचं. बारावीच्या पुढं आकडा गेला की ते कॉलेजचं गाव. पण कॉलेज आलं म्हणून मोजणी थांबत नाही. एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. हे शब्द सूचनाफलकावर राहतात. घरात त्यांची तेरावी, चौदावी, पंधरावी होते. ‘पोरगी पंधरावीला आहे’ हे सांगताना बापाच्या आवाजाला जो ठसका असतो, तो ‘बी.ए. तृतीय वर्ष’ म्हटल्यानं येत नाही.

आता सोळावी येऊ घातली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४च्या जूनमध्ये जी तुकडी प्रथम वर्षाला बसली, तिच्यापुढं पदवीची तीन वर्षं आहेत आणि हवं असेल तर चौथंही आहे. म्हणजे २०२७च्या जूनमध्ये कुठं ना कुठं सोळावीचा वर्ग भरेल. तो शिरूरला भरेल का, की शिरूरच्या पोरांनी त्यासाठी पुन्हा गाठोडं बांधायचं, हा या लेखाचा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला मात्र मला शंभर वर्षं मागं जावं लागलं. कारण या भागात कॉलेजला एकेक वर्ष कसं जोडलं गेलं, हे पाहिल्याशिवाय पुढच्या वर्षाचं काय होणार ते कळत नाही.

*

दिवाळीच्या आधीचे दिवस आमच्याकडं सोयाबीनचे. अर्ध्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं आणि एसटीचा ड्रायव्हर उरलेल्या अर्ध्यावरून गाडी काढतो. शिवारातून मळणी यंत्राची घरघर ऐकू येते. या दिवसांत कॉलेजातल्या हजेरीचं काही खरं नसतं. पोरं काढणीला असतात, पोरी घरी स्वयंपाकाला आणि धाकट्यांना सांभाळायला. साकोळ, येरोळ, उजेड अशा गावांहून सकाळच्या गाडीनं ज्या चार-दोन मुली येतात, त्याच वर्ग भरवतात. (उजेड हे गावाचं खरंखुरं नाव आहे, जुन्या कागदांत हिसामाबाद. तिथं जानेवारीत यात्रा भरते ती कुठल्या देवाची नाही, महात्मा गांधींची. पाळणे, मिठाई, कुस्त्या, सगळं गांधीबाबाच्या नावानं. देवळाइतकीच शाळेला वर्गणी देणारी पिढी या मातीत होऊन गेली, हे त्या यात्रेत उभं राहिलं की पटतं.)

या मुलींच्या दप्तरात एक पास असतो. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. तेरावीपासून त्याच मुलीला, त्याच गाडीत, त्याच सीटवर बसायला पैसे पडतात; विद्यार्थी सवलतीत तिकिटाचा एक तृतीयांश. रक्कम मोठी नाही. पण ज्या घरात मुलीला पुढं शिकवायचं की नाही यावर दोन मतं असतात, तिथं ‘आतापर्यंत फुकट होतं, आता पैसे लागतात’ हे वाक्य बोलायला कुणीतरी मिळतंच. बारावी आणि तेरावी यांच्यामधली भिंत कॉलेजच्या इमारतीत दिसत नाही, ती पासाच्या खिडकीवर दिसते.

*

शिरूर जागेवरच आहे, पण त्याच्या कचेऱ्या फिरत राहिल्या. निजामाच्या राज्यात हा मुलूख बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा बिदरमधले निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तीन तालुके तोडून मुंबई राज्यात आणले आणि ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले. शिरूर त्या वेळी निलंगा तालुक्यात. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचं गाव पुन्हा बदललं. नव्वदचं दशक सरता सरता निलंग्यातून शिरूर अनंतपाळ तालुका वेगळा निघाला. एखाद्या घरातला आजोबा बिदर जिल्ह्यात जन्मला, बाप उस्मानाबादेत आणि नातू लातुरात, आणि तिघांचा पाळणा एकाच कडीला बांधलेला.

विद्यापीठंही अशीच बदलली. आधी हैदराबादचं उस्मानिया, १९५८पासून औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ, आणि १७ सप्टेंबर १९९४पासून नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. घर न हलवता तीन विद्यापीठं.

पहिल्या विद्यापीठापासून सुरुवात करायला हवी, कारण दोन वर्षांचं कॉलेज ही कल्पना तिथून आली. उस्मानियाचं फर्मान १९१७चं, प्रत्यक्ष वर्ग १९१९ला सुरू झाले. शिक्षण उर्दूतून. मॅट्रिकनंतर दोन वर्षं इंटरमिजिएट आणि त्यानंतर दोन वर्षं बी.ए. आजच्या खेडुती हिशेबानं इंटर म्हणजे बारावी आणि बी.ए. म्हणजे चौदावी. त्याच सुमारास इकडं इंग्रजी मुलखात कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करायला मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगानं १९१९ साली सांगितलं, की इंटरची दोन वर्षं विद्यापीठातून काढून वेगळ्या कॉलेजांत द्यावीत आणि पदवी त्यानंतर तीन वर्षांची करावी. त्यातला इंटर कॉलेजांचा भाग पुष्कळ ठिकाणी लागू पडला. पदवीला तिसरं वर्ष जोडायचा भाग रेंगाळला.

औरंगाबादला १९२३ साली उस्मानियाचं इंटरमिजिएट कॉलेज निघालं. सरकारी, आणि दोनच वर्षांचं. त्याचे प्राचार्य होते मौलवी अब्दुल हक, ज्यांना पुढं साऱ्या उपखंडानं ‘बाबा-ए-उर्दू’ म्हटलं. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार त्यांनी बरीच वर्षं औरंगाबादेतून चालवला. म्हणजे माणूस लहान नव्हता, कॉलेज मात्र अर्धं होतं. इंटर झालं की मराठवाड्याच्या पोराला हैदराबादची गाडी धरावी लागे. राज्याचा हा भाग सगळा मिळून दोन वर्षांचा. पुढची दोन वर्षं राजधानीत.

असं का ठेवलं असेल, याचा मी खूप विचार केला आहे. पैशाचं कारण असेलच. पण दरबारच्या सोयीचंही काही होतं. सर्वांत शहाणी पोरं वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी राजधानीत, वसतिगृहात, नजरेखाली आणायची ही चांगली व्यवस्था आहे. ती उलटलीही. १९३८ साली वंदे मातरम् म्हणण्यावरून औरंगाबादच्या इंटर कॉलेजात आणि हैदराबादच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी संप केला. काढून टाकलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला; पी. व्ही. नरसिंह राव त्यांतले एक. या पोरांनी पदवीचं गाव पुन्हा बदललं, एवढंच. ते आपलं गाव नव्हतंच.

*

आमच्या घराण्यात एक इंटरतात्या होते. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पन्नासच्या दशकात इंटर होऊन ते गावी परतले आणि पुढं शिकले नाहीत. पण ‘इंटर’ ही त्यांची पदवी झाली. लग्नपत्रिकेत नावापुढं कंसात इंटर आलं, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही आलं. मुलखातले जुने खासरे, वसुलीचे कागद उर्दूत. ते वाचायला लोक पार निलंग्याच्या बाजूनं त्यांच्याकडं येत. तात्या ओसरीवर बसून कागद डोळ्याजवळ नेत, आधी मोठ्यानं उर्दू वाचत आणि मग मराठीत फोड करून सांगत. फी नव्हती. चहा पाजून परत पाठवत, वर बसची वेळही सांगत.

ते बी.ए. का झाले नाहीत, असं मी एकदा लहानपणी विचारलं होतं. घरात कुणी धड उत्तर दिलं नाही. आता वाटतं, माझा प्रश्नच उलटा होता. त्या काळात, त्या गावातून, ते इंटर कसे झाले हे विचारायला हवं होतं.

*

हैदराबाद १७ सप्टेंबर १९४८ला मुक्त झालं आणि दोन वर्षांच्या आत मराठवाड्यात दोन कॉलेजं उभी राहिली. १९५० साल. औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, ज्याचं पुढं मिलिंद झालं. आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेड एज्युकेशन सोसायटीचं पीपल्स कॉलेज. दोन्हींच्या नावात ‘पीपल्स’ असावं हा योगायोग मला फार बोलका वाटतो. सरकारचं नव्हे, लोकांचं. नांदेडचं कॉलेज उस्मानियाशी संलग्न होतं आणि सुरुवात इंटरपासूनच झाली. पुढची वर्षं जोडत जोडत ते पदवीपर्यंत गेलं. दोन वर्षांच्या कॉलेजचं चार वर्षांचं होणं म्हणजे काय, याचा आमच्या भागातला पहिला धडा तो.

रामानंद तीर्थ मूळचे व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेण्याआधीही मास्तर आणि नंतरही मास्तर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला त्यांनी शिकवलं. हैदराबादच्या लढ्यातली माणसं तयार झाली ती बरीचशी अशा शाळांतून. म्हणून स्वातंत्र्यानंतर त्यांना आधी कॉलेज सुचलं यात नवल नाही. अंबाजोगाईतही १९५६ साली कॉलेज झालं आणि आज ते त्यांच्याच नावानं आहे.

पीपल्स कॉलेजची गोष्ट नरहर कुरुंदकरांशिवाय पुरी होत नाही. कुरुंदकर हैदराबादेत मामांकडं राहून शिकले आणि इंटरच्या परीक्षेनं त्यांना चांगलंच अडवून धरलं; एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नापास. १९५५पासून ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत होते. महाराष्ट्रातले जाणते लोक ज्यांचं ऐकायला जमत, ते पदवीच्या उंबरठ्याबाहेर उभे. पुढं ते रीतसर बी.ए., एम.ए. झाले, पीपल्समध्ये प्राध्यापक आणि १९७७ साली प्राचार्य झाले. इंटर नापास झालेला माणूस त्याच भागातल्या पहिल्या कॉलेजच्या खुर्चीत बसला. परीक्षेनं माणूस ओळखला नाही; गावात कॉलेज होतं आणि नोकरी सांभाळून पुन्हा फॉर्म भरता येत होता, म्हणून परीक्षेला दुसरी संधी मिळाली. पदवी हैदराबादलाच मिळत राहिली असती तर काय झालं असतं, याची कल्पना ज्यानं त्यानं करावी.

*

२३ ऑगस्ट १९५८ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू. त्यानंतरच्या बारा-पंधरा वर्षांत जिल्ह्याची आणि मोठ्या तालुक्यांची गावं कॉलेजची झाली. लातूरला १९६१ साली दयानंद, उदगीरला १९६२ साली महाराष्ट्र उदयगिरी, लातूरलाच १९७० साली राजर्षी शाहू. मधल्या काळात इंटरच्या जागी पी.यू.सी. आली, प्री-डिग्री आली. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांनाही आज कुठलं वर्ष कशात मोडत होतं हे नीट सांगता येत नाही.

या कॉलेजांची वाढ कशी होत असे ते सांगायला हवं, कारण ती पद्धत आजही बदललेली नाही. पहिल्या साली एकच वर्ग उघडतो. कुठल्यातरी शाळेच्या खोल्या सकाळपाळीला मागून घेतात. अडत दुकानदार, बागायतदार, जिनिंगवाले यांच्याकडून देणगी येते. पहिली तुकडी पास झाली की दुसऱ्या वर्षाची परवानगी मागायची, मग तिसऱ्याची. त्या पहिल्या तुकडीच्या डोक्यावर अख्खं कॉलेज उभं असतं. तिच्यातली चार पोरं मध्येच गळली तर पुढचा वर्गच उघडायचा नाही. या एकेक वर्षानं पुढं सरकण्याला सरकारी भाषेत फार सुंदर शब्द आहे: नैसर्गिक वाढ. जणू पावसाळ्यात तुरीला फांद्या फुटाव्यात तसे वर्ग आपोआप फुटतात. प्रत्यक्षात त्या फांदीसाठी प्रस्ताव, पाहणी समिती, समितीचं जेवण, त्रुटींची पूर्तता आणि मुंबईच्या दोन-चार चकरा लागतात. कायद्याच्या भाषेतही एक सुरस शब्द आहे, इरादापत्र. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नवं कॉलेज कुठं निघावं याचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा विद्यापीठानं करायचा, त्यात गावाचं नाव असेल तर प्रस्ताव द्यायचा, मग इरादापत्र, मग अंतिम परवानगी. कॉलेज काढायचा इरादा तर इथं प्रत्येक गावाला असतो. पत्र मिळायला वेळ लागतो.

*

१९७५ साली नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि वर्षांची सगळी विभागणी बदलली. कोठारी आयोगानं १९६६ साली सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा हिशेब महाराष्ट्रात आला. जुन्या इंटरच्या जागेवर अकरावी-बारावी बसली आणि ती विद्यापीठाकडून काढून बोर्डाकडं दिली. सॅडलरसाहेबांचं म्हणणं साठेक वर्षांनी खरं झालं. आणि बी.ए. चौदावीवरून पंधरावीवर गेली.

त्याच वेळी ‘ज्युनिअर’ आणि ‘सिनिअर’ हे शब्द आमच्या तोंडी बसले. ते मूळचे शिकागोचे. तिथल्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम हार्पर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉलेजच्या चार वर्षांचे दोन तुकडे केले, पहिल्या दोन वर्षांना ज्युनिअर आणि पुढच्या दोन वर्षांना सिनिअर म्हटलं. त्यांच्याच प्रेरणेनं १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात हायस्कूलला जोडून दोन वर्षांचं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं. गरिबाच्या पोरानं पहिली दोन वर्षं घरी राहून करावीत आणि मग मोठ्या विद्यापीठात जावं. तिकडं अशी शेकडो कॉलेजं निघाली आणि त्यांतल्या कित्येकांनी पुढं चार वर्षांची पदवी सुरू केली. हट्ट तिकडचाही हाच, पोराला शेवटच्या वर्षासाठी घर सोडायला लागू नये.

आमच्याकडं ज्युनिअर आणि सिनिअर एका छपराखाली राहतात, पण त्यांचं घर एक नाही. अकरावी-बारावीचे शिक्षक शालेय शिक्षण खात्याचे. त्यांचे उपसंचालक लातूरला आणि बोर्डाचं विभागीय कार्यालयही लातूरला. तेरावीपासूनचे प्राध्यापक उच्च शिक्षण खात्याचे. त्यांचे सहसंचालक नांदेडला आणि विद्यापीठही नांदेडला. एकाच व्हरांड्यातले दोन वर्ग, एकाचं तोंड लातूरकडं, दुसऱ्याचं नांदेडकडं. शिरूरहून लातूर तासा-सव्वा तासावर, नांदेडला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. खडूचा हिशेबसुद्धा वेगळा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि याच ज्युनिअरच्या दोन वर्षांनी लातूरला नाव दिलं. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात बारावीसाठी जादा तास, सुट्टीतले वर्ग, सराव परीक्षांचा मारा, चुका दाखवून पेपर परत करणं असं जे सुरू झालं, त्याला महाराष्ट्रानं लातूर पॅटर्न म्हटलं. हेच वाघमारे १९९४ साली नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. दोन वर्षांच्या शिक्षणातून नावारूपाला आलेला माणूस पुढच्या वर्षांची घडी बसवायला गेला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा हा अभ्यासक; गुणवत्ता यादीच्या गदारोळात त्यांची ही ओळख मागं पडली, याची मला खंत वाटते.

लातूर पॅटर्नचा शिरूरवर जो परिणाम झाला तो कुणी फारसा लिहीत नाही. दहावीत ज्याला बरे मार्क पडतात, तो अकरावीलाच लातूरला जातो. नीटची तयारी, खोली, मेस, क्लास. त्यासाठी एखादा एकर विकला जातो किंवा सोयाबीनची पट्टी थेट क्लासवाल्याकडं जाते. गावातली अकरावी-बारावी विज्ञान मग कागदावर भरलेली आणि बाकांवर रिकामी. तेरावीला मात्र बी.ए.चा वर्ग भरतो. तिथं असतात ज्यांना बाहेर पाठवणं जमलं नाही ती पोरं, आणि ज्यांना बाहेर पाठवायचं नाही असं ठरलं त्या पोरी. दोन वर्षं लातूरला गहाण आणि तीन वर्षं गावाला. तालुक्याच्या कॉलेजची ही उलटी रचना मुंबईत बसून समजत नाही.

*

शिरूरला आज शिवनेरी महाविद्यालय आहे, नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न. पुढं जे सांगतो ते या एका महाविद्यालयाबद्दल नाही. मराठवाड्यात तालुक्याच्या बहुतेक गावांत कमी-जास्त तेच आहे. शिरूरसारखे नवे तालुके नव्वदच्या शेवटी झाले. नवा तालुका झाला की तहसील येते, पंचायत समिती येते, कोर्टाची मागणी होते आणि कॉलेज हवंच असतं. नेमक्या त्याच वळणावर, २४ नोव्हेंबर २००१ला, राज्यानं पाणी बंद केलं. त्यानंतर परवानगी मिळणारं कॉलेज कायम विनाअनुदान. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी कॉलेजांची दोन कुळं झाली. आजही एखाद्या प्राध्यापकाला विचारा, तो स्थापनेचं साल सांगताना ‘एकच्या आधीचं’ किंवा ‘एकच्या नंतरचं’ असंच सांगेल.

अनुदान असलं तरी जागा भरलेल्या नसतात. मग तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, सगळ्यांच्या तोंडी सीएचबी. नेट झालेला, पीएच.डी. झालेला माणूस सकाळी एका तालुक्यात तास घेतो, दुपारी मोटारसायकलवरून जाऊन दुसऱ्यात, आणि त्याचा पगार त्यानं घेतलेल्या तासांवर ठरतो. सत्र संपलं की नेमणूक संपते. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, समोर तेच लोक. वसमतपासून निलंग्यापर्यंत अशी माणसं गावोगाव भेटतील. त्यांच्यातल्या एकानं मला आपला डबा दाखवला होता, दोन कप्प्यांचा. एक कप्पा एका कॉलेजात खायचा, दुसरा दुसऱ्यात. त्याला त्यात दुःख सांगायचं नव्हतं, डबा चांगला मिळाला एवढंच कौतुक होतं.

सरकारनं स्वतः कॉलेज काढावं, असाही प्रयोग झाला. उच्च शिक्षणात मागं असलेले देशभरातले ३७४ जिल्हे निवडून प्रत्येकी एक आदर्श पदवी महाविद्यालय काढायची केंद्राची योजना होती. त्यातून नांदेड विद्यापीठानं हिंगोलीला स्वतःचं न्यू मॉडेल डिग्री कॉलेज सुरू केलं. जिल्ह्याला एक. तालुक्यापर्यंत तो ओघ आला नाही.

*

आता सोळावी. हिशेब श्रेयांकांचा आहे, पोरं त्याला क्रेडिटच म्हणतात. तीन वर्षांत १२० ते १३२ क्रेडिट झाले की पदवी. चार वर्षांत १६० ते १७६ झाले की ऑनर्स. ज्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळाले त्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येईल. मध्येच थांबलेल्यालाही काहीतरी हाती मिळावं म्हणून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. तीन वर्षांनी बाहेर पडलेल्याला एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षं केलेल्याला एकच वर्षाचं. म्हणजे चौथं वर्ष हे जवळजवळ एम.ए.चं पहिलं वर्ष आहे. इथं मला खेडुती मोजणीची गंमत वाटते. आमच्याकडं एम.ए. भाग एकला कधीपासून सोळावीच म्हणतात. दिल्लीत तज्ज्ञांनी पातळ्या ठरवून जे जुळवलं, ते ओसरीवर आधीच जुळलेलं होतं.

दिल्ली विद्यापीठानं चार वर्षांची पदवी २०१३ साली एकदम सगळ्यांना लावली आणि २०१४च्या जूनमध्ये ती मागं घ्यावी लागली. या वेळी चौथं वर्ष ऐच्छिक आहे, हे शहाणपणाचं. पण ऐच्छिक कुणासाठी? ज्या गावात तो वर्ग आहे तिथल्या मुलासाठी. संशोधनासह ऑनर्सला पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेला कायम प्राध्यापकवर्ग लागतो. साध्या ऑनर्सलाही एम.ए.च्या तोलाचं शिकवणारा लागतो. जिथं इतिहासाला एक प्राध्यापक, समाजशास्त्राला सीएचबी आणि अर्थशास्त्राची जागा रिकामी, तिथं सोळावीला उभं कोण राहणार? माझा अंदाज असा, की जिथं आधीपासून एम.ए. आहे, त्या लातूर-नांदेड-उदगीरच्या कॉलेजांत चौथं वर्ष सहज उघडेल. तालुक्याची कॉलेजं पंधरावीवर थांबतील. म्हणजे १९२३च्या औरंगाबादचीच गत. सुरुवातीची वर्षं घरी, शेवटचं परगावी. शंभर वर्षांत पदवी चौदावीची सोळावी झाली, आणि गावाचं कॉलेज धापा टाकत पदवीला गाठतंय तोवर ती आणखी एक इयत्ता पुढं सरकली.

पालकांचा हिशेब याहून सरळ आहे. पोलीस भरती बारावीवर. तलाठी आणि एमपीएससी पदवीवर, आणि पदवी तिसऱ्या वर्षी मिळतेच. मग चौथं वर्ष कशाला? पोराचं एक वर्ष वाया, पोरीचं लग्न एक वर्ष लांब. या बोलण्याला हसू नये. ज्यांनी एकेक इयत्ता पैसे मोजून विकत घेतली, त्यांना पुढच्या इयत्तेचा भाव विचारायचा हक्क आहे. पण पोरीचं लग्न एक वर्ष लांबतं, हेच मला त्या वर्षाच्या बाजूचं सर्वांत मोठं कारण वाटतं. ते वर्ष गावातच मिळालं तर. लातूरला खोली करून मिळणार असेल, तर ते तिच्या वाट्याला यायचं नाही.

प्रवेशाच्या दिवसांत मी एका कॉलेजच्या खिडकीजवळ बराच वेळ बसून होतो. खिडकीपुढं बाप, काका, मामा, आणि त्यांच्या मागं ओढणी सावरत उभ्या मुली. क्लार्क एकेकाला मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह समजावून सांगत होता आणि त्याला स्वतःलाच त्यातलं निम्मं नव्यानं कळत होतं. एका धोतरवाल्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि खिडकीच्या गजांतून आत वाकून विचारलं, ते समदं ऱ्हाऊ द्या, पण इथं कितवीपर्यंत आहे?

पंधरावीपर्यंत, क्लार्क म्हणाला. सोळावीचं अजून पत्र आलेलं नाही.

आजोबांनी नातीकडं पाहिलं. तिनं तोवर फॉर्मवर नाव लिहायला घेतलं होतं.